जाम झालेले नट-बोल्ट: जुनी गाडी उघडताना वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जुनी गाडी जोडायला जेवढे दिवस लागतात, त्याच्या दुप्पट दिवस ती उघडायला लागतात. माझी पहिली जीप रत्नागिरीजवळच्या एका वाडीत, आंब्याच्या झाडाखाली, अकरा पावसाळे उभी होती. वर ताडपत्री, खाली ओली माती आणि समुद्र हाकेच्या अंतरावर. तिचा पहिला बोल्ट मी तीन मिनिटांत तोडला. तोच तुकडा बाहेर काढायला दोन रविवार गेले. त्यानंतर दुसऱ्या दोन जीप, एक अँबेसेडर आणि कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातल्या दोन पद्मिनी हाताखालून गेल्या. या कामात नव्याने पडलेली मंडळी जे प्रश्न मला पुन्हापुन्हा विचारतात, त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत.

बोल्ट जाम होतो म्हणजे नेमकं काय होतं?

लोखंडाचा गंज झाला की तो मूळ लोखंडाच्या दुपटीहून जास्त जागा घेतो. नट आणि बोल्टच्या आट्यांमध्ये मुळात केसाएवढी फट असते. गंज फुगून त्या फटीत ठासून बसतो. म्हणजे कोणी चिकटवलेलं नसतं, आतून पाचर मारलेली असते. ही पाचर फुटली पाहिजे किंवा विरघळली पाहिजे, नाहीतर फटच थोडी मोठी झाली पाहिजे. खालचे सगळे उपाय या तीनपैकी एकात मोडतात.

दुसरा प्रकार जास्त चिवट. पोलादी बोल्ट ॲल्युमिनियममध्ये बसवला असेल आणि तिथे ओल पोचली, तर दोन धातूंमध्ये बॅटरीसारखा प्रकार सुरू होतो. त्यात झिजतं ते ॲल्युमिनियम. त्याची पांढरी भुकटी बोल्टभोवती दगडासारखी घट्ट होते. आपण तपकिरी गंज शोधत बसतो आणि दगा देते ही पांढरी भुकटी.

आणि काही बोल्ट जाम नसतातच. आधीच्या मेकॅनिकने दीड हात पाइप लावून आवळलेले असतात, इतकंच.

पाना लावण्याआधी काय करायचं?

तारेचा ब्रश घ्या आणि बोल्टचं डोकं, नट आणि मागे बाहेर आलेले आटे चकचकीत होईपर्यंत घासा. हे काम कंटाळवाणं असल्यामुळे सगळे टाळतात. पण नटाच्या मागे दिसणाऱ्या आट्यांवर गंजाचे पापुद्रे असतील, तर नट सुटूनही त्याच पापुद्र्यांवर येऊन पुन्हा अडकतो. आपल्याला वाटतं अजून सुटलाच नाही, मग जोर वाढतो आणि बोल्ट जातो.

डोक्याच्या खाचेत रंग, डांबर किंवा वाळलेलं ग्रीस साचलं असेल तर टोच्याने काढा. पाना पूर्ण खोल बसला नाही तर कोपरे गोल होणार हे नक्की.

मग मागची बाजू पाहा. पुष्कळदा दुसऱ्या बाजूला आणखी एक नट असतो, कॉटर पिन असते किंवा वळवलेलं पत्र्याचं लॉक असतं. ते तसंच ठेवून मी एकदा अर्धा तास झटलो आहे.

माझ्याकडे मिलिमीटरचा पूर्ण सेट आहे. तेवढ्यावर भागेल का?

फियाटवर भागेल. अँबेसेडर आणि जीपवर नाही.

पद्मिनी इटालियन वळणाची, तिचं सगळं मिलिमीटरमध्ये. जीप अमेरिकन आणि अँबेसेडरचं मूळ ब्रिटिश मॉरिस ऑक्सफर्ड, त्यामुळे दोन्हींवर इंची मापं. अर्धा इंच म्हणजे १२.७ मिलिमीटर. त्यावर १३ चा पाना बसतो, आणि घात होतो तो त्याच्या बसण्यामुळेच. ०.३ मिलिमीटरची ढिलाई नव्या बोल्टला चालून जाते, गंजून बारीक झालेल्या डोक्याला नाही. ९/१६ इंच म्हणजे १४.२९, १४ चा चढत नाही आणि १५ चा डुगडुगतो. ३/४ इंच मात्र १९.०५ होतो, तिथे १९ ची गोटी (नटावर टोपीसारखा बसणारा सॉकेट) खुशाल लावा. ५/८ ला १६ चालतो. बाकीच्यांसाठी इंची गोट्यांचा एक छोटा सेट घ्याच. पुण्यात बोहरी आळीत आणि मुंबईत नागदेवी स्ट्रीटला तो सहज मिळतो.

गोटी घेताना सहा कोपऱ्यांची घ्या. बारा कोपऱ्यांची गोटी अडचणीच्या जागी लावायला सोयीची, पण ती कोपऱ्याच्या टोकावर जोर देते. सहा कोपऱ्यांची गोटी बाजूच्या सपाट भागावर देते. जाम बोल्टला तोंडाचा उघडा पाना लावणं म्हणजे त्याचं डोकं गोल करायचं ठरवूनच कामाला लागणं.

गाडी त्याहून जुनी ब्रिटिश असेल, तर व्हिटवर्थची मापं निघतील. तिथे पान्यावरचा आकडा डोक्याच्या रुंदीचा नसून बोल्टच्या जाडीचा असतो. आणि एमजीच्या जुन्या टीसी-टीडी गाड्यांच्या इंजिनात आटे मिलिमीटरचे आणि डोकी व्हिटवर्थची, असा अजब संसार आहे. तो बोल्ट हातात घेऊन मी बराच वेळ नुसता पाहत बसलो होतो.

सगळे बोल्ट डावीकडेच फिरवून सुटतात ना?

नाही, आणि हे आधी तपासा. सायकलच्या डाव्या पेडलला उलटे आटे असतात, तसेच जुन्या विलीज जीपच्या डाव्या बाजूच्या चाकांनाही असतात. १९४९ पासून मुंबईत जुळवलेल्या जीप याच कुळातल्या. त्यांच्या डाव्या चाकाचा नट सुटताना घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरतो. स्टडच्या, म्हणजे नट ज्यावर चढतो त्या आटेवाल्या दांड्याच्या, टोकावर बहुधा इंग्रजी 'एल' कोरलेला असतो, पण गंज घासल्याशिवाय तो दिसत नाही. म्हणून पुन्हा सांगतो, आधी ब्रश.

पाट्यांच्या (पट्ट्यांच्या स्प्रिंगांच्या) यू-शॅकलमध्येही, म्हणजे पाट्या सांगाड्याला जोडणाऱ्या यू आकाराच्या कड्यांमध्येही, उलट्या आट्यांचे काही नग निघतात. एखादा नट सुटायच्या ऐवजी घट्ट होत चालल्यासारखा वाटला, तर थांबा आणि मागचे आटे कोणत्या बाजूला चढतात ते डोळ्यांनी पाहा.

आणखी एक घोळ. मधे कोणी हब किंवा स्टड बदलले असतील तर डाव्या बाजूलाही सरळ आटे असू शकतात. माझ्या पहिल्या जीपला एकाच चाकावर दोन उलटे आणि तीन सरळ होते. कोणी आणि कसे बसवले, देव जाणे.

कुठलं तेल टाकू? डब्ल्यूडी-४० पुरतं का?

१९५३ मध्ये डब्ल्यूडी-४० बनलं ते पाणी हटवण्यासाठी. नावातली अक्षरं त्याचीच आणि ४० म्हणजे चाळिसावा प्रयोग. हलक्या गंजाला ते चालतं, पण अकरा पावसाळ्यांच्या गंजाला त्याचा साधा निळा-पिवळा डबा कमी पडतो. गंज सोडवण्यासाठी वेगळे बनवलेले स्प्रे मिळतात, डब्यावर 'पेनिट्रेटिंग' असा शब्द पाहून घ्या.

गॅरेजमधला जुना उपाय म्हणजे रॉकेल, नाहीतर डिझेल. दोन्ही पातळ, दोन्ही आत झिरपतात, फक्त वेळ जास्त घेतात. मी स्वतः ऑटोमॅटिक गिअरचं तेल आणि ॲसिटोन निम्मं-निम्मं मिसळून वापरतो. ॲसिटोन तेलाला पातळ करून आत नेतं आणि उडून जातं, तेल आत राहतं. दोन्ही नीट एकजीव होत नाहीत, म्हणून दर वेळी बाटली हलवायची. प्लास्टिकच्या साध्या बाटलीत ठेवू नका, काही प्लास्टिकं ॲसिटोनने विरघळतात. गाडीच्या रंगावर थेंब पडला तर रंग गेला म्हणून समजा. आणि याची वाफ थंडीतसुद्धा पेट घेते, त्यामुळे हे मिश्रण टाकलेल्या बोल्टला त्याच दिवशी आच दाखवायची नाही.

तेल टाकून किती वेळ थांबायचं?

तुम्हाला वाटतं त्यापेक्षा जास्त.

शनिवारी सकाळी तेल टाकून दुपारी पाना लावणाऱ्यांचे बोल्ट तुटतात. माझी पद्धत अशी: ज्या भागाचं काम पुढच्या रविवारी करायचं, त्याला या रविवारपासून रोज संध्याकाळी तेल. ऑफिसातून आलं की चहाच्या आधी बाटली घेऊन गाडीभोवती एक फेरी. प्रत्येक नटावर दोन थेंब, मग हातोडीने दोन हलके ठोके. ठोक्यांनी गंजाला बारीक तडे जातात आणि तेलाला वाट मिळते. नुसतं तेल आणि ठोक्यांसह तेल, यांत दिवसरात्रीचा फरक आहे.

जमलं तर तेल वरून खाली झिरपेल असं पाहा. खालून मारलेला स्प्रे निम्मा तुमच्या चष्म्यावर येतो.

हातोडी किती जोरात मारायची?

बोल्टच्या डोक्यावर सरळ, टणक आवाज येईल इतकी. मध्यम वजनाची हातोडी, मधे पितळेचा किंवा पोलादाचा पोगर (ठोका पोचवणारा दांडा), आणि ठोका बोल्टच्या लांबीच्या दिशेने. अंगाच्या ताकदीपेक्षा इथे धक्का महत्त्वाचा. बाहेर आलेल्या आट्यांच्या टोकावर थेट मारू नका, टोक पसरलं की नट त्यावरून कधीच येणार नाही. मारायचंच तर नट टोकाशी समपातळीत आणून त्याच्यासकट मारा.

नट सगळ्या बाजूंनी उघडा असेल तर दोन हातोड्यांची युक्ती करा. एक जड हातोडी नटाच्या एका बाजूला टेकवून धरायची आणि समोरच्या बाजूवर दुसरी मारायची. मग नटाभोवती फिरत सहाही बाजूंना तेच. नट चेपून किंचित पसरतो आणि आतला गंज चुरतो. जीपच्या पाट्यांच्या यू-बोल्टवर मला याहून चांगलं काही सापडलेलं नाही.

दाराच्या बिजागरीच्या स्क्रूंना हातोडीवर चालणारा इम्पॅक्ट ड्रायव्हर वापरा. ठोका बसतो तेव्हाच तो वळतो, त्यामुळे टोक खाचेतून निसटत नाही.

पाइप लावून जोर दिला तर?

हिशेब पाहा. ८ मिलिमीटरचा, ८.८ ग्रेडचा (ग्रेड म्हणजे ताकदीचा दर्जा) बोल्ट साधारण २५ न्यूटन-मीटरला (हे पिळाच्या जोराचं माप) आवळतात. दोन फुटी पाइपच्या टोकाला फक्त दहा किलोचा जोर दिला, तर बोल्टवर साठच्या आसपास येतात. एवढ्यात तो तुटतो. आणि दहा किलो म्हणजे काय, नुसतं हाताचं वजन टाकलं की झालं.

म्हणून बारीक बोल्टना लांब पाइप नको. १२ मिलिमीटर किंवा अर्ध्या इंचाच्या वरच्या बोल्टना चालेल, तोही धिम्या, वाढत्या जोराने.

आता हाताला काय कळतं ते सांगतो, कारण सगळी गंमत इथेच आहे. चांगला सुटणारा बोल्ट आधी दगडासारखा असतो आणि मग एकदम 'कट्ट' असा कोरडा आवाज येतो. तो आवाज आला की निम्मं काम झालं. तुटणारा बोल्ट आवाज करत नाही. तो मऊ लागतो. पाना पाच-दहा अंश फिरतो, आपण खूश होतो, पण त्या फिरण्याला थंडीतल्या गुळात चमचा फिरवल्यासारखी चिवट ओढ असते. तिथेच हात काढा. बोल्ट पिळला जातोय, सुटत नाहीये. त्याच क्षणी थोडा उलटा, घट्ट करायच्या दिशेने फिरवा, तेल टाका, घरी जा.

'कट्ट' झाल्यावरही सरळ सोडवत सुटू नका. पाव फेरी सोडा, आठवा हिस्सा परत घट्ट करा, तेल, पुन्हा पाव फेरी. पुढे-मागे करताना गंजाची भुकटी बाहेर पडते. एका दमात फिरवलंत तर ती आट्यांत गोळा होऊन मधेच पुन्हा जाम होतं, आणि हा दुसरा जाम पहिल्यापेक्षा वाईट.

गरम कसं करायचं? आणि नक्की काय, नट की बोल्ट?

नट. नट तापला की फुगतो आणि त्याचं भोक मोठं होतं. १२ मिलिमीटरच्या भोकाला ३०० अंशांची वाढ दिली तर ते जेमतेम ०.०४ मिलिमीटरने मोठं होतं. केसाच्या जाडीपेक्षा कमी, पण पाचर ढिली व्हायला तेवढं पुरतं. त्यामुळे आच झटपट आणि नेमकी हवी. हळूहळू तापवलं तर बोल्टही तेवढाच फुगतो आणि गॅस फुकट जातो.

बोल्ट ब्लॉकसारख्या जाड बिडात असेल, तर उलट करतात. बोल्टचं डोकंच तापवायचं. तो फुगून गंज चिरडतो, आणि निवला की मूळ मापावर आकसतो. पूर्ण निवल्यावर पाना लावा. बिडावर पाणी ओतून घाईने निववायला जाऊ नका, तडा जाईल.

छोट्या ब्युटेन टॉर्चने ६-८ मिलिमीटरचे नट होतात. त्यावरच्यांना ऑक्सि-ॲसिटिलीन लागतं, ते वेल्डिंगवाल्याकडूनच करून घ्या. त्याच्या ॲसिटिलीनच्या नळीला उलटे आटे का असतात तेही विचारा, गप्पांना विषय होतो.

ॲल्युमिनियमच्या भागाला आच देताना फार जपा. पोलाद मंद लाल होऊन आपल्याला इशारा देतं. ॲल्युमिनियम रंग बदलत नाही, ६६० अंशांला सरळ वितळून खाली येतं. तिथे उकळत्या पाण्याने किंवा हीट गनने जेवढं होईल तेवढंच.

मेणबत्तीचं ऐकलंय, ते खरं की थाप?

खरं. नट चांगला तापला, आच बाजूला घेतली, की साधी मेणबत्ती आट्यांच्या तोंडाशी टेकवायची. मेण वितळून फटीत ओढलं जातं. लाल नटावर टेकवलीत तर पेटेल, म्हणून लाली गेल्यावर. मी पद्मिनीच्या सायलेन्सर पाइपचे तीन नट असे सोडवले आहेत. चौथा तुटला, तो मेणाचा दोष नाही; मी गप्पा मारत होतो.

कुठे अजिबात आच दाखवू नये?

पेट्रोलची टाकी आणि नळ्या यांच्या आसपास, टाकी रिकामी असली तरी. रिकाम्या टाकीतली वाफ भरलेल्या टाकीपेक्षा वाईट. शॉक ॲब्सॉर्बरवर नको, तो बंद डबा आहे, फुटतो. ब्रेकच्या होजवर, रबरी बुशांवर नको. पाट्या, स्प्रिंगा आणि अँबेसेडरच्या पुढच्या टॉर्शन बारवर तर नाहीच. त्यांचं पाणी, म्हणजे पोलादाला दिलेला कडकपणा, उतरतं आणि पुढे रस्त्यावर मोडतात.

ब्रेक क्लीनरने धुतलेल्या भागाला वेल्डिंग किंवा आच लावू नका. काही क्लीनरमध्ये क्लोरीनची द्रव्यं असतात, ती तापली की फॉसजीन हा विषारी वायू होतो. जुन्या बोल्टांवरचा फिकट सोनेरी मुलामा कॅडमियमचा असू शकतो, त्याचा धूरही घातक. शटर बंद करून हे काम करायचं नाही. जवळ पाण्याची बादली नको, आग विझवायचा बाटला हवा. आणि बॅटरी आधी काढून ठेवा.

डोकं गोल झालं. आता?

घाबरू नका, अजून बोल्ट तुटलेला नाही.

पहिलं, एक माप लहान गोटी हातोडीने ठोकून बसवा. मिलिमीटरच्या बोल्टवर इंची, इंचीवर मिलिमीटरची, जी ठोकून चढेल ती. दुसरं, पकडपाना म्हणजे लॉक होणारी पक्कड, पण आधी डोक्याच्या दोन बाजू कानशीने सपाट करून. पोपट पाना आणू नका, तो उरलंसुरलंही सोलून काढतो. तिसरं, डोक्याच्या कडेवर छिन्नीने खाच पाडून तिरक्या ठोक्यांनी फिरवणं. आवाजाने शेजारी येतात, पण काम होतं. चौथं आणि सगळ्यांत चांगलं, वरून नवा मोठा नट वेल्ड करणं.

बोल्ट तुटला. आत राहिलेला तुकडा कसा काढू?

हाच प्रश्न सगळ्यांत जास्त येतो.

आधी काहीही करू नका. खरंच. चहा घ्या. तुटल्यावर पहिल्या पाच मिनिटांत रागाने जे काही केलं जातं, त्यानेच साध्या कामाचं लेथचं काम होतं.

तुकडा थोडा बाहेर असेल तर पकडपाना लावून, तापवून, पुढे-मागे करत. स्टड असेल आणि आटे शाबूत असतील तर दोन नट एकमेकांवर घट्ट आवळा आणि आतला फिरवा.

तुकडा समपातळीत किंवा किंचित आत असेल, तर वेल्डिंग. तुकड्यावर एक वॉशर ठेवायचा, त्याच्या भोकातून तुकड्याला वेल्ड करायचं, मग वॉशरवर नट ठेवून तोही वेल्ड. यात दोन गोष्टी एकदम होतात: फिरवायला डोकं मिळतं आणि तुकडा आतून लालबुंद तापतो. पूर्ण निवेपर्यंत थांबा, मग हलक्या हाताने पुढे-मागे. पहिला वेल्ड बहुतेकदा सुटतो, दुसरा किंवा तिसरा धरतो. हे बिडाच्या ब्लॉकमध्ये करा, किंवा ॲल्युमिनियममध्येही. वेल्डिंगचं पोलाद ॲल्युमिनियमला चिकटत नाही, हा इथे आपला फायदा. आमच्याकडचा वेल्डर हे बघायला गंमत वाटेल इतक्या सहज करतो. त्याचं म्हणणं, "साहेब, तुम्ही तोडता म्हणून माझं चालतं."

वेल्डिंग शक्य नसेल तर ड्रिल. तुकड्याचं तोंड आधी सपाट करा, मग पोगराने अगदी मध्यावर खूण. मध्य चुकला की सगळं चुकलं, म्हणून दोन बाजूंनी मोजा. ३ मिलिमीटरने सुरुवात, मग वाढवत जायचं. ड्रिल उलट्या दिशेने फिरणारी मिळाली तर तीच घ्या. पुष्कळदा भोक पाडता पाडता तुकडा आपणहून बाहेर येतो. ८ गुणिले १.२५ च्या (८ मिलिमीटर जाडी, दोन आट्यांत १.२५ मिलिमीटर अंतर) आट्यांसाठी शेवटचं भोक ६.८ मिलिमीटरचं, १० गुणिले १.५ साठी ८.५ चं. भोक मध्यात असेल तर आट्यांमध्ये फक्त पातळ साल उरते, ती टोच्याने सुटते आणि टॅप (आटे पाडायचं हत्यार) फिरवला की मूळचे आटे साफ होतात.

इझी-आउट (तुटलेल्या तुकड्यात भोक पाडून घालायचा उलट्या पिळाचा दांडा) वापरू का?

विचार करून. जो बोल्ट सहा कोपऱ्यांनी, तेलाने आणि आचेने सुटला नाही, तो त्याच्याच पोटात घातलेल्या बारीक खिळ्याने सुटेल ही आशा जरा जास्तच. इझी-आउट कडक आणि ठिसूळ असतो. आत मोडला तर त्यावर साधं ड्रिल चालत नाही, मग स्पार्क इरोजनवाल्याकडे (विजेच्या ठिणग्यांनी धातू झिजवणाऱ्याकडे) भाग घेऊन जावं लागतं. ओव्हर-टॉर्क होऊन तुटलेल्या, पण गंज नसलेल्या बोल्टला तो छान आहे. गंजलेल्याला नाही.

पद्मिनीचं सिलिंडर हेड सगळे नट काढूनही निघत नाही.

तुम्ही एकटे नाही. ब्लॉक बिडाचा, हेड ॲल्युमिनियमचं, मधून पोलादी स्टड. कूलंटऐवजी वर्षानुवर्षं नळाचं पाणी घातलेलं असतं. स्टडभोवती ती पांढरी भुकटी साचते आणि हेड स्टडलाच धरून बसतं. हेड आणि ब्लॉकच्या मधे छिन्नी किंवा पेचकस घालू नका. ॲल्युमिनियमवर ओरखडा पडला की पाणी गळणार, मग हेड प्लेन करायला टाका.

स्टडभोवती तेल भरून ठेवा, आठवडाभर, रोज. हेडच्या जाड भागांवर लाकडी ठोकळा ठेवून चहूबाजूंनी ठोका. जे स्टड दोन नटांच्या युक्तीने निघतील ते काढून टाका, तेवढी पकड कमी.

त्यानेही नाही झालं तर दोरीचा उपाय. रॉकर शाफ्ट काढलेला असावा, म्हणजे सगळे व्हॉल्व्ह बंद. पिस्टन खाली असताना प्लगच्या भोकातून सुताची किंवा नायलॉनची दोरी आत सरकवत राहायची, टोक बाहेर ठेवून. मग पुलीचा बोल्ट पान्याने हाताने फिरवायचा. पिस्टन वर येतो, दोरीचा गोळा हेडला खालून सगळीकडे सारखा रेटतो. थोडं रेटून, थांबून, ठोकून, पुन्हा. स्टार्टर मारायचा नाही, कधीही. माझ्या दुसऱ्या पद्मिनीचं हेड नवव्या दिवशी सुस्कारा सोडल्यासारखा आवाज करत दोन मिलिमीटर उचललं गेलं. रात्रीचे साडेदहा वाजले होते, मी घरात जाऊन सगळ्यांना उठवलं. कोणाला काही कौतुक वाटलं नाही.

ब्रेकचे ब्लीडर निपल (ब्रेकच्या तेलातली हवा काढायचे छोटे स्क्रू) हमखास तुटतात. उपाय?

निपल आतून पोकळ असतो, म्हणून पिळला की चेपतो. त्याच्या भोकात घट्ट बसेल अशा ड्रिलचा गुळगुळीत दांडा घाला, म्हणजे आतून आधार मिळतो, आणि सहा कोपऱ्यांची गोटी लावा. पण खरं सांगू? व्हील सिलिंडर इतका गंजला असेल तर तो पूर्णच बदला. ब्रेकच्या बाबतीत काटकसर नको.

छोटे भाग सोड्याच्या पाण्यात वीज सोडून साफ करतात, ते जाम बोल्टना चालतं का?

भाग सुटा करता येत असेल तर चालतं. प्लास्टिकची बादली, दर पाच लिटर पाण्याला एक मोठा चमचा धुण्याचा सोडा, १२ व्होल्टचा बॅटरी चार्जर. ऋण टोक आपल्या भागाला, धन टोक भंगार लोखंडाच्या पट्टीला. उलटं जोडलंत तर आपलाच भाग खाल्ला जाईल. पट्टी स्टेनलेसची नको, त्यातून क्रोमियमचं विषारी द्रव्य पाण्यात उतरतं. ॲल्युमिनियमचा भाग यात कधीही टाकू नका, सोडा त्याला खातो. बुडबुडे हायड्रोजनचे असतात, तेव्हा बादली उघड्यावर आणि विडी लांब.

वाचवायचं कधी सोडून द्यायचं आणि कापायचं कधी?

नट-बोल्ट सहज मिळणारा असेल आणि दोन्ही बाजूंनी उघडा असेल, तर ग्राइंडर लावा, पाच मिनिटांत मोकळे व्हा. बॉडीचे, मडगार्डचे, सायलेन्सरच्या पट्ट्यांचे बोल्ट वाचवण्यात आठवडा घालवणाऱ्यांचं मला कौतुक नाही. सगळा धीर राखून ठेवायचा तो आंधळ्या भोकांसाठी, म्हणजे ब्लॉक, हेड, गिअरबॉक्स, मॅनिफोल्ड यांच्यासाठी. तिथे बोल्ट दहा रुपयांचा असतो आणि ज्यात तो बसलाय तो भाग भंगार बाजारातही मिळेलच असं नाही.

सुटलेले जुने बोल्ट परत वापरू?

स्टिअरिंग, सस्पेन्शन आणि ब्रेकचे, तसंच लाल होईपर्यंत तापवलेले, हे सगळे फेकून द्या. बाकीचे तारेच्या ब्रशने घासून, नवा नट हाताने शेवटपर्यंत फिरला तर ठेवा. नवे घेताना जुन्याचं डोकं पाहा. ८.८ किंवा १०.९ कोरलेलं असतं. जीपच्या इंची बोल्टवर आकड्याऐवजी रेघा असतात, तीन म्हणजे ग्रेड ५, सहा म्हणजे ग्रेड ८. तेवढ्याच ताकदीचा घ्या. चमकतो म्हणून स्टेनलेस घालू नका. तो त्या ताकदीचा नसतो, स्टेनलेस नटात आवळताना स्वतःच जाम होतो, आणि ॲल्युमिनियममध्ये पुन्हा तीच पांढरी भुकटी सुरू.

परत बसवताना आट्यांना काय लावू?

तांब्याचं अँटी-सीझ ग्रीस, अगदी पातळ. मॅन्युअलमधले आवळण्याचे आकडे बहुधा कोरड्या आट्यांचे असतात. ग्रीस लावलं की साधारण पाचवा हिस्सा कमी धरा, नाहीतर जास्त आवळला जातो. सायलेन्सरच्या स्टडवर शक्य तिथे पितळी नट वापरा, ते पोलादाला धरत नाहीत.

चाकांच्या नटांनाही लावू?

नको. साफ, कोरडे आटे आणि टॉर्क पाना. पन्नास-शंभर किलोमीटर गाडी फिरवून आलात की पुन्हा एकदा तपासा. जीप असेल तर डाव्या बाजूला हात घालण्याआधी तो 'एल' पाहा.